कादंबरीतली ती बाई म्हणजे देश

३ मार्च, सोमवार
ह्यांना जाऊन वर्ष झालं. ह्यांची कादंबरी आता छापून आलीय. लिहिलेलं सगळं ऑफिसच्या कपाटात ठेवलं होतं, मला कधी दाखवलं नाही. सरप्राइज द्यायचं असणार. एकोणीस तारखेला इथे आपिया शहराच्या लायब्ररीत तिच्यावर चर्चा आहे, निबंध मी वाचणार. कॉलेज पाहिलेलं नाही, पण वसाहतोत्तर सिद्धांताचा जाडजूड ग्रंथ आणलाय. रोज एक प्रकरण. ह्यांचं नाव मोठं झालंच पाहिजे.

५ मार्च, बुधवार
चार पानं झाली. पण लख्ख कळलं. गोष्टीतली माणसं नुसती माणसं नसतात. एखादं साहेबाची सत्ता असतं, एखादं दबलेली भूमी.

७ मार्च, शुक्रवार
कादंबरीतला शाळातपासनीस बोटीने सवाई बेटावर जातो. (हेही शाळा तपासायला जायचे. लेखक अनुभवातूनच लिहितो.) तिथे लांगी नावाची, गालावर तीळ असलेली बाई त्याला नारळाच्या दुधात पानं शिजवून पालुसामी वाढते आणि त्याला मोकळं वाटतं. लांगी म्हणजे उघडउघड आपला सामोआ. घरी बायको, एस्तेर. जेवणाची घंटा वाजवते, पाय धुतल्याशिवाय आत घेत नाही, त्याचं इंग्रजी सुधारते. ही म्हणजे आपल्यावर राज्य करून गेलेलं न्यूझीलंड सरकार. इतकं सोपं, की हसू आलं.
नणंद फिलेमू वाळूच्या पायांनी आत आली. परत पाठवून पाय धुवायला लावले.

९ मार्च, रविवार
चर्चहून आल्यावर जेवताना फिलेमूला निबंध वाचून दाखवला. तिचा तारोच्या कंदाचा घास हातातच राहिला. म्हणाली, वहिनी, पोट दुखतंय म्हण आणि जाऊच नकोस. मग म्हणाली, अगं, देशाच्या गालावर तीळ कशाला असेल? मी म्हटलं, याला प्रतीक म्हणतात. तर म्हणे, तू दादाला घंटा वाजवून जेवायला बोलवायचीस, तेही प्रतीकच का?
वाचन नसलं की माणूस सगळं घरावर ओढतो. तिला यापुढे काही वाचून दाखवायचं नाही.
आणि घंटा लहान होती.

१५ मार्च, शनिवार
निबंधातून तीळ काढला. लांबण लागत होती. बोटीवरून आले की ह्यांच्या शर्टाला खोबरेलाचा वास यायचा. बोटीवर खोबरं लादतातच.

१९ मार्च, बुधवार, संध्याकाळ
निबंध उत्तम झाला. टाळ्या. शेवटी म्हटलं, जिला आवाज नाही तिला बोलू द्या, असं सिद्धांत सांगतो. मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. गालावर तीळ. म्हणाली, ताई, लिहिलंय छान, पण मी देश नाही हो. मी सवाईवर सालेलोलोंगाच्या धक्क्याजवळ राहते.
कोणी हसलं नाही. फिलेमूसुद्धा नाही. लायब्ररीवाल्या बाईंनी चहा आल्याचं सांगितलं.

२१ मार्च, शुक्रवार
ग्रंथ परत केला. कादंबरी उघडली तर पानोपानी मीच, घंटा घेऊन. नणंदेला माहीत होतं. बोटीवाल्यांना माहीत असणार. छापणाऱ्यालाही. आणि मी माइकवर उभी राहून समजावून सांगत होते.
एक प्रकरण निबंधात घेतलं नव्हतं, सिद्धांतात बसेना म्हणून. एस्तेर दुपारी जेवून चटईवर झोपलेली असते. तो शेजारी बसून पंख्याने तिच्या तोंडावरच्या माश्या वारत राहतो. सरकारच्या तोंडावरच्या माश्या कोण वारतं?
हे खरंच घडलं की ह्यांनी रचलं, मला सांगता येत नाही. घडलं असेल, तर मी झोपलेली असणार.