पिवळ्या डब्यातली काडतुसं

लोरीन,

मी ट्रक घेऊन हॉगनच्या कुरणावर निघालोय. कोल्टर पहाटेच तिकडे खारी मारायला गेलाय आणि तिथे फोन लागत नाही. तरी तू लावत राहा. लागला तर एवढंच सांग, पिवळ्या डब्यातलं एकही काडतूस रायफलमध्ये घालू नकोस.

बंदुकीच्या दारूचं माप बदलत, घरीच भरून त्याच्या नव्या रायफलला मानवणारं काडतूस जमवायला महिना गेला माझा. शेवटी निशाणाच्या कागदावरची पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जायला लागली. काल दुपारी तशीच पन्नास भरून त्या पिवळ्या डब्यात दिली. आत्ता टेबल आवरायला गेलो तर दारूचे दोन डबे उघडे! एक रायफलचा, एक पिस्तुलाचा. पिस्तुलाची दारू फार झपाट्याने जळते, ती रायफलमध्ये पेटली तर पोराच्या गालाशीच स्फोट होईल. कुठल्या डब्यातली भरली, काही केल्या आठवत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा, हे त्याच्या कानीकपाळी मीच ओरडत आलोय.

तो दुसऱ्या रस्त्याने घरी आला तर पिवळा डबा काढून घे. चिडला तर चिडू दे.

शेगडी बंद केली असं वाटतंय, पण तू एकदा बघ.

रविवारी तू डॉक्टरांचं नाव काढलंस आणि मी ताटावरून उठलो. त्यांना आजच फोन कर.

वर्कशॉपची किल्ली तुझ्या पिठाच्या डब्यात टाकलीय. उद्या मी ती मागेन, आरडाओरडा करून मागेन. देऊ नकोस.

वेंडेल