जिभेवरचा जॅक

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जॅक आला. बसवायचा कुठं, ते कोणालाच कळत नाही! नावेच्या ट्रेलरची पुढची दांडी आतापर्यंत मी आणि माझा पोरगा अमोल हातानं उचलून जीपला अडकवायचो. आता म्हणे हँडल फिरवलं की दांडी वर. मग माझं काय काम? कौंडण्यपूरच्या यात्रेत लोकांना नावेत फिरवायला अमोल मला सोबत नेईल, की घरी ठेवील? विचारायचा धीर झाला नाही.

२५ ऑक्टोबर

अमोलनं मोबाईलवर पाहिलं. त्या दांडीला इंग्रजीत जीभ म्हणतात! मी चौथी शिकलेला. लोखंडाला जीभ कशी? चारदा विचारलं. बायको सुभद्रा आतून ओरडली, "तुमच्याच जिभेले लावा म्हणा तो जॅक! सकाळपासून थांबून नाही राह्यली." सून चारुता हसली. मीही हसलो.

२६ ऑक्टोबर

पुढे लावावा तर जीपचं मागचं दार हँडलला धडकतं. मागे सरकवावा तर जॅकवर भार फार. वेल्डर उद्धव म्हणाला, "काका, तुमी खडूनं खूण करा, मी भोकं पाडतो." खूण केली. पुसली. पुन्हा केली. बरोबर कोणती?

२८ ऑक्टोबर

घात झाला असता! भोकं पाडण्याआधी चारुतानं नावेच्या मागे इंजिन चढवायला लावलं, आणि ट्रेलर उलाळ झाला. मागे माल जास्त झाला की बैलगाडीची धूर, म्हणजे जू बांधायची पुढची दांडी, आभाळाकडे जाते — तस्सं! दांडी उडाली, अमोलची हनुवटी थोडक्यात वाचली. मी इंजिन नसलेल्या नावेवर जागा ठरवत बसलेलो! जन्म गाडी हाकण्यात गेला आणि उलाळ आठवू नये?

अमोल म्हणाला, "बाबा, तुमी बाजूले बसा बरं." बसलो.

२९ ऑक्टोबर

नाव वीतभर पुढे घेतली. दांडीवर भार आला. जीप वळवून पाहिली, दार उघडून पाहिलं. चारुता म्हणाली, "मामाजी, इथंच ना? हो का नाही, एकदाचं सांगा!" हो म्हणालो. उद्धवनं भोकं पाडली.

३१ ऑक्टोबर

हँडल मी एकट्यानं फिरवलं. एकट्यानं! अमोल खाली मान घालून उभा. माझं चुकलं का काही? यात्रेला येऊ का, विचारलंच शेवटी. म्हणाला, "पाहू." पाहू म्हणजे काय?

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी अनोळखी जीप दारात. वाटलं, यात्रेसाठी भाड्यानं आणली. मीच दांडी तिला जोडली. चिखलदऱ्याच्या माणसाला अमोलनं नाव विकली म्हणे, दिवाळीआधीच. जॅकसुद्धा त्यालाच पाहिजे होता. "पयले सांगतलं असतं तर तुमी जेवले नसते, बाबा."

मी टोपी घालून पुढच्या सीटवर जाऊन बसलो होतो. अमोलनं हाताला धरून उतरवलं.