तळातला कापूस

आबा, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे, तरी बसले आहे. घरात कुणाला सांगायची सोय नाही.

धुळ्याच्या कापूस खरेदी केंद्रावर तुम्ही ग्रेडर होतात. गाडी आली की शेतकरी वरचा पांढराशुभ्र कापूस पुढं करायचा, आणि तुम्ही बाही सारून खांद्यापर्यंत हात आत घालायचात. मुठीत खालचा ओला, किडका कवडी कापूस वर यायचा आणि गाडीवाला दुसरीकडे बघायला लागायचा. 'वरचं कोणीही पाहतं, तळात हात घाल,' हे तुम्ही मला भाजी घेताना ऐकवलंत, स्थळ पाहताना ऐकवलंत. मला वाटायचं, या माणसाला जगात कोणी फसवू शकत नाही. तुम्हालाही तसंच वाटायचं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

तुम्ही निवृत्त झालात आणि आपण जळगावला, पिंप्राळ्यात दोन भाड्याच्या खोल्यांत आलो. फंडाच्या पैशातून स्वतःचं घर बांधायचं, हे आईनं मनात पक्कं केलं होतं. नेमकं तेव्हाच त्या सागवानाच्या योजनांचं पेव फुटलं. झाडं विकत घ्या, कंपनी वाढवील, काही वर्षांत पैसाच पैसा. अख्खी गल्ली पैसे लावत होती. पण तुम्ही ऐकीव गोष्टीवर जाणारे नव्हेत. कंपनीच्या माणसाबरोबर यावलकडे झाडं पाहायला गेलात, मलाही नेलंत. मला अजून दिसतंय, तुम्ही उकिडवे बसला आहात, किल्लीनं एका रोपाची माती उकरता आहात, मूळ चाचपता आहात. सालीवर नख मारता. हिरवं निघतं. तुमच्या चेहऱ्यावर असा निवांतपणा येतो की मलाही बरं वाटतं. तो माणूस पिशवीत जमिनीचा सातबारा शोधायला लागला, तेव्हा तुम्हीच त्याला म्हणालात, "राहू द्या हो, झाडं पाहिली ना!" एरवी तुमच्या तोंडून चार शब्द निघायची मारामार. त्या दिवशी एसटीत तुम्ही जळगाव येईपर्यंत बोलत होतात.

घरी आई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"जमीन कोनी शे?"

तुम्ही हसलात. जमीन कुणाची का असेना, झाड खोटं बोलत नाही, म्हणालात. आई त्या दिवशी जेवली नाही. मला तिच्या त्या भिण्याचा रागच आला होता.

झाडं खरंच खोटं बोलली नाहीत. मस्त वाढली. कंपनीच्या कचेरीला कुलूप लागलं, जमिनीचा खरा मालक पुढं आला, घराचे पैसे बुडाले. तरी तुमची यावलची वारी थांबली नाही. परत येऊन सांगायचात, खांद्याला लागली, आता डोक्यावर गेली. कुलपाची वाटली नसेल एवढी भीती मला तुमच्या त्या आनंदाची वाटायची. मालकानं कुंपण घातलं, तर तुम्ही कुंपणाबाहेरून पाहून यायचात. आई त्या दोन खोल्यांतच गेली. मागून तुम्हीही तिथूनच.

इतकी वर्षं मी धरून चालले होते, की सातबारा पाहायचं तुम्हाला तेव्हा सुचलं नाही. आता माझ्या निवृत्तीचे पैसे आलेत, आणि परवा मी धुळ्यात एक फ्लॅट पाहून आले. भिंतीवर बोटं ठोकली, नळ सोडून पाहिला. पाणी धो धो आलं. स्वयंपाकघरात दुपारचं ऊन येत होतं, तिथं उभी राहिले आणि आत कसं गार वाटलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, ताई, जागेचे कागद हवे तर उद्या दाखवतो. आणि माझ्या तोंडून निघालं, "राहू द्या हो."

रिक्षात बसल्यावर ते शब्द मी पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. आबा, तुम्हाला सुचलं होतं. तुम्ही भ्याला होतात. घर जवळजवळ हातात आलं होतं, आणि जमीन कुणाची याचं उत्तर वाकडं निघालं असतं तर ते हातातून तिथल्या तिथं सुटलं असतं. दुसऱ्याच्या गाडीत हात घालताना तुम्हाला कधी भीती वाटली नाही, ती गाडी दुसऱ्याची होती म्हणून.

उद्या सकाळी टोकन द्यायचं आहे. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठं? पण तुमच्यापासून काय लपवायचं. फोन माझ्या शेजारीच आहे, कागद मागायला बिल्डरचा नंबरही आहे. तो उचलावा लागू नये म्हणूनच मी सकाळपासून तुमच्याशी भांडते आहे.