खिशात असून नसल्यासारखा चाकू

ती. मावशीस,

लांबूनच वाकून नमस्कार. (समोर असते तर तू वाकू दिलंच नसतंस, मधेच धरून गाल ओढला असतास, म्हणून लांबूनच बरा.) तुझा गुडघा कसा आहे? काका अजून तेल लावून देतात की आता बाटली नुसती पुढे सरकवतात? तुमची ती भुरी मांजर व्याली का? इकडे आम्ही मजेत. म्हणजे आई मजेत आहे. माझं काय ते सांगायलाच एवढा मोठा कागद घेतलाय. अक्षराला हसू नकोस, शाळा सुटल्यापासून पार्सलवर फुल्या मारण्यापलीकडे पेन हातात धरलेलं नाही. शाळेत तरी काय उजेड होता म्हणा. हजेरीला मी 'हजर' म्हणायचे ते माझं मलाच ऐकू यायचं, बाईंपर्यंत पोचायचंच नाही. पहिल्या बाकावर बसून अख्खं वर्ष मी गैरहजर होते. शेवटी म्हटलं, तसंही आपण नाहीच आहोत, मग घरी बसून नसलेलं काय वाईट? तिथून या गोदामात आले.

गोदामाचं काम सोपं आहे. लोकांनी मागवलेली आणि न आवडून परत पाठवलेली पार्सलं उघडायची, आतली वस्तू धड असेल तर या खोक्यात, मोडकी असेल तर त्या खोक्यात. टेबलावर आम्ही दोघी, मी आणि समोर वहिनी. (कुणाची वहिनी ते माहीत नाही, सगळेच वहिनी म्हणतात, तिचा नवरासुद्धा एकदा चुकून म्हणाला.) देखरेखीला एक साहेब आहे, तो सारखी शीळ घालत फिरतो म्हणून त्याचं नाव शिट्टी. टेबलाला कटर एकच आणि तो कायम वहिनीच्या हातात. म्हणजे दर पार्सलला मी म्हणायला पाहिजे, 'वहिनी, कटर द्या ना.' तू म्हणशील त्यात काय एवढं! तुझं बरंय गं मावशी. दिसेल त्या वस्तूला 'बघू बघू' म्हणत हात पुढे करायची तुला जन्माची सवय. डॉक्टर तुझी छाती तपासत होते तेव्हा त्यांच्या कानातली नळीसुद्धा तू 'बघू' म्हणून मागून घेतलेलीस. माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी चिकटपट्टी किल्लीने फाडली, पेनाने भोसकली, दाताने सोडवली. दाताचा कोपरा उडाला तेव्हा ठरवलं, आता आपला स्वतःचा घडीचा चाकू घ्यायचा, खिशात ठेवायचा, आणि परत कुणाकडे म्हणून काही मागायचं नाही.

चाकू-कात्र्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. बोळासारखं अरुंद, आत धार लावायचं चाक, आणि दुकानदार बोलका, म्हणजे माझा शत्रूच. पण त्याने मला काही विचारलंच नाही. चाकूंची रांग मांडली आणि स्वतःच बोलत सुटला. एकात इतकी हत्यारं होती, स्क्रू ड्रायव्हर काय, बूच काढायचा पिळा काय, दात कोरायची काडी काय, की पातं सापडेपर्यंत पार्सलवाला माणूस म्हातारा होईल. दुसरा एवढा जड की खिशात टाकला तर पँट एका बाजूने खाली. एकाची मूठ चौकोनी, तळहातात कोपरे रुततात. एकाची क्लिप अशी की बसलं की मांडीत टोचलीच. एक उघडायला नख लागतं, आणि मी नखं खाते हे तुला माहीतच आहे. एकाचा खटका दाबला तर तो ताडकन असा उघडला की मी किंचाळले. (तेवढं मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.) दुकानदार म्हणाला, "पोरी, धार नको बघू. धार मी कशालाही लावून देतो. मूठ बघ. धरल्यावर हाताला कळलंच नाही की आपण काही धरलंय, तो आपला."

तेवढ्यात मला तो दिसला. गल्ल्याच्या पार टोकाला, चहाच्या एका भरलेल्या पेल्याशेजारी. चहावर साय धरलेली, कुणीतरी ओतून विसरलेला. चाकू छोटा, मूठ काळ्या लाकडाची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, अंगठा टेकतो तिथे बरोबर अंगठ्याएवढा खळगा. आणि मावशी, मला काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून तुझ्यासारखंच निघालं, "तो बघू?" लगेच तो माझ्या हातात आला. कुणी दिला ते आठवत नाही. दुकानदार तर रांग आवरत होता. खळग्यात माझा अंगठा असा बसला जसा काही माझ्याच अंगठ्याने तो पडलाय. मी पैसे गल्ल्यावर ठेवले, दुकानदाराने ते कशाचे असं तोंड करून उचलले, आणि मी पळाले. पायरी उतरताना मागून त्याचा आवाज आला, "अरे बाबा! तू कधी आलास? किती दिवसांनी! चहा थंड झाला की तुझा!" आणि कुणीतरी एवढं हसलं की ते रडणं होतं की काय असं वाटलं. मी म्हटलं, असेल त्यांच्या घरातलं काहीतरी.

चाकू म्हणशील तर सोन्यासारखा. खिशात आहे हे आठवायला हात घालून बघावं लागतं. उघडताना आवाज नाही, मिटताना बोट चिमटत नाही, चिकटपट्टी अशी फाटते की पार्सलला स्वतःला कळत नाही. एक शब्द न बोलता दिवसच्या दिवस जायला लागले. मी इतकी सुखात होते की पहिल्यांदा चहा एक पेला कमी आला तेव्हा म्हटलं, चहावाल्याची मोजणी चुकली. मग रोजच चुकायला लागली. मग गोदामाचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडेना. कुणी दुसरं आलं की मी त्याच्या पाठीला चिकटून आत. मग शिट्टीने माझ्या टेबलाकडे बघून वहिनीला विचारलं, "हे काम कोण उरकून जातं हो? चांगलंय." आणि एका सकाळी वहिनी येऊन माझ्या मांडीवर बसली. (वहिनीचं वजन तुला माहीत नाही, देव करो आणि माहीत न होवो.) आरामात बसून, पदर सारखा करून म्हणाली, "आज स्टूल मऊ कसं काय बाई?" मी म्हटलं, 'वहिनी, मी आहे.' ती म्हणाली, "आणि गरम पण आहे," आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच बसून राहिली.

हसलीस ना? मीही हसले. घरी जाऊन आरशात बघितलं. दिसते मी आरशात, अगदी नीट दिसते. फक्त जरा उशिरा येते. मी समोर जाऊन उभी राहिले की आधी मागची भिंत दिसते, मग कुणीतरी लांबून चालत आल्यासारखी मी.

आई एकच ताट घेते आता. माझं अंथरूण तिने घडी करून माळ्यावर टाकलं, मी त्यात असताना. (उतरताना ढोपर फुटलं.) ते सगळं मी सहन केलं असतं. पण संध्याकाळी मी घरी येते त्या वेळेला आई दारात येऊन उभी राहते. माझ्या पलीकडे रस्त्याकडे बघत राहते. शेजारीण विचारते, "कुणाची वाट बघताय?" तर आई म्हणते, "तेच आठवत नाहीये हो. कुणाची तरी बघतेय." मावशी, मी तिच्यापुढे उभी असते गं. तिचा श्वास माझ्या कपाळाला लागतो.

मी चाकू टाकून बघितला. पुठ्ठ्यांच्या ढिगात टाकला, गटारात टाकला, शिट्टीच्या बुटात टाकला. सकाळी खिशात, आणि तरी खिशात काही नसल्यासारखा. मग परत दुकानात गेले. दुकानदाराला मी दिसले नाही. पण धार लावायच्या चाकावर एक हडकुळा दादा बसला होता, शेजारी वाफाळता चहा, त्याने चाक थांबवून थेट माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं, मला तर लाजच वाटली. तो हळू म्हणाला, "तो दिल्याने जात नाही, टाकल्याने जात नाही. कुणी मागितला तरच जातो. तू मागितलास." मी चाकू पुढे केला तर त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि ओठ घट्ट मिटले. मग म्हणाला, "मला माफ कर. माझी मुलगी घरी वाट बघायची, आणि कुणाची ते तिला आठवायचं नाही." माझ्या आईबद्दल मलाही तेच सांगायचं होतं.

झाली ना गंमत? कुणाकडे मागायला लागू नये म्हणून मी चाकू घेतला, आणि आता कुणीतरी माझ्याकडे मागेपर्यंत बसून राहायचं. आणि जी दिसतच नाही तिच्याकडे मागणार कोण! वहिनीचा कटर एकदा तुटला होता. ती हात चाचपत स्वतःशीच म्हणाली, "कुणाकडे काही आहे का गं, एखादा..." मी चाकू पटकन तिच्या हाताखाली सरकवला, आणि तिने 'चाकू' म्हणायच्या आत परत ओढून घेतला. तिचं पोर अजून रांगतं. संध्याकाळी ते कुणाला शोधणार?

बाकी सगळं ठीक. हवा बरी आहे. काकांना नमस्कार सांग, मांजरीला आशीर्वाद.

तुझी,
मी

ता. क. मावशी, खरं सांगते, रागावू नकोस. चाकूचं वर्णन मी मुद्दाम इतकं गोड केलंय. ते वाचून तू सवयीने 'बघू, पाठव इकडे' असं लिहिशील म्हणून. तेवढंच हवंय, एका ओळीचं पत्र. तुझं फार काही बिघडणार नाही असं मी मनाला समजावलंय, कारण काकांना तू वर्षानुवर्षं दिसत नाहीस असं तूच म्हणतेस.

ता. क. दोन. थांब! वरचं खोड. 'बघू' म्हणू नकोस, मनातसुद्धा नको. तुला माहितीये, मला लिहिताना पुटपुटायची सवय आहे, बाई त्यासाठी ओठांवर पट्टी मारायच्या. वरची ओळ पुटपुटत होते आणि स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. आई दारात येऊन म्हणाली, "कोण बोलतंय?" मी गप्प. मग वाटलं, आत्ता गप्प बसले तर कायमची बसले. मी कागद वर धरला आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागले, गुडघा, तेल, मांजर, सगळं. अडखळले नाही एकदाही. आई भिंतीला टेकून ऐकत होती, भलत्याच कोपऱ्याकडे बघत. वहिनीच्या स्टुलाला हसली. दारात उभं राहायचं आलं तेव्हा तिने तोंडात पदर धरला. संपल्यावर तिने हात पुढे केला, तोही भलत्याच दिशेला, आणि म्हणाली, "दे तो चाकू इकडे." मी ओरडले, नको, आई, नको, सगळं ऐकलंस ना तू! तर म्हणते कशी, "ऐकलं म्हणूनच मागतेय. आणि मला उलट बोलायचं नाही. दे म्हटलं ना." माझा हात खिशाकडे गेलासुद्धा नव्हता. खिसा खरोखरच रिकामा झाला, चाकू आईच्या हातात आला आणि तिने थेट माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाली, "केसांचं काय टोपलं करून घेतलंयस ते!"

ता. क. तीन. आई म्हणते बरंच झालं, शेजारीण येऊन डोकं खात नाही. भाजी छान चिरते म्हणे, हात दुखत नाही. पण तो दादा कुणाला दिसत नव्हता तेव्हा त्याला कुणी हाक मारत नव्हतं, मलाही नाही. म्हणून मी मारत राहते. उठल्यापासून झोपेपर्यंत, आई, आई, आई. हाक मारली की आधी तिचा आवाज येतो, मग हात, मग ती. माझा घसा पार बसलाय. गोदामात शिट्टी म्हणतो, "ही पोरगी काही बोलतच नव्हती, आता हिला गप्प कोण करणार?" मी त्याला सांगितलं, मोठ्याने, की कुणी करायचं नाही. तरी काल ताटं घेताना मी एकच घेतलं. घेऊन बसले, पहिला घास तोंडाजवळ नेला, आणि समोर चाललेलं भाजी चिरणं मला नुसतं ऐकू आलं.

तेव्हा मावशी, तू ये. मिळेल त्या गाडीने ये. तोंडावर रुमाल बांधून यावं लागलं तरी चालेल, पण चाकूचं नाव काढू नकोस. लहानपणी तू तुझ्या बहिणीला ज्या नावाने चिडवायचीस ना, त्या नावाने दारातूनच मोठ्याने हाक मार. तुझा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. आधी तिला मार. मला नंतर मारलीस तरी चालेल, मी आता दिसते.