पायाला शेपूट गुंडाळलेला उंदीर

आबा, रोह्याच्या बाजारातून मी तुम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं, त्याबद्दल आपण नंतर कधीच बोललो नाही. मी तेव्हा मुंबईला पीएचडी करत होते, गणपतीआधी पेणला आले होते. त्या दुकानात फळीवर तुमचाच गणपती बसलेला. तुमचाच, कारण देवाच्या पायाला शेपूट गुंडाळून वर बघणारा उंदीर अख्ख्या पेणमध्ये फक्त आपल्या कारखान्यात व्हायचा. कुणीतरी आपली मूर्ती नेऊन तिच्यावरून साचा काढला होता. तुमचा आवाज चढला. "हा उंदीर माझा हाय. कुणाकडनं आणलास, सांग." दुकानदार म्हणाला, "काका, गणपती काय एकट्याचा असतो व्हय?" गिऱ्हाइकं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "आबा, चला. मातीवर कुणी नाव लिहितं का?" परतताना आपण एसटीत बसलो. गडब गाव आल्यावर तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "नाव नको व्हतं गो. नुसतं 'व्हय, तुमचा' म्हणाला असता तरी पुरं व्हतं."

तुम्ही गेलात आणि वर्षभरातच माझ्यावर तीच वेळ आली. खारट मातीतल्या जिवाणूंचा डीएनए स्वच्छ वेगळा काढायची एक रीत मी बसवली होती. माती आपल्याच खाडीकाठची. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं ती रीत जशीच्या तशी वापरली, आणि त्यांच्या शोधनिबंधाच्या शेवटी, जिथे आधार घेतलेल्यांची नावं द्यायची असतात, तिथे माझं नाव नाही. आमच्यात ही नावं मोजतात, त्यावर माणसाची किंमत ठरते. मी थयथयाट केला, पत्रांवर पत्रं पाठवली. शेवटी संपादकांनी चूक छापून कबूल केली, तेव्हा मी पेढे वाटले. तुमची आठवण आली ती पेढा तोंडात असताना. लाज वाटली, आबा. अजून वाटते.

आता माझे बरेच शोधनिबंध आहेत. कुणी कुठे माझं नाव दिलंय, हे मी रोज सकाळी चहाबरोबर बघते. हे पत्र पाठवायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. पण लिहायला बसले ते कालच्यामुळे. आमच्या संस्थेत गणपती आणला. उंदीर वर बघतोय, शेपूट पायाला. एक विद्यार्थिनी वाकून बघत म्हणाली, "मॅडम, किती गोड आहे. कुणी केला असेल हा?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. बढाई वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मी म्हणाले, "पेणचा असेल."