साडेतीन टक्क्यांवर हरकत

हुडको, भिलाई
१८ नोव्हेंबर

श्री. शेषरावजी यांस,

कृष्णरावाचा सप्रेम नमस्कार. इकडे माझी तब्येत ठीक आहे, तुमची कशी आहे ते कळवावं. तुमच्या गुडघ्याचं ऐकलं. पस्तीस वर्षं रेल्वेत गार्डाच्या डब्यात हिंदकळल्यावर गुडघे बोलणारच, त्यात नवल नाही. (मी पाठवलेलं तेल लावता की कपाटात ठेवलं? लावत नसाल तर बाटली परत करावी, माझा डावा खांदा धरून राहिला.) घरच्यांले आशीर्वाद. गोंदियाले थंडी पडली असेल. इथं सकाळी स्वेटर लागून राहिला, दुपारी काढावा लागते, म्हणून दिवसभर तो हातातच राहते.

पत्र कावून, फोन कावून नाही, असं तुमाले वाटेल. मी बत्तीस वर्षं इथल्या स्टील प्लांटच्या बिल पासिंग सेक्शनमध्ये काढली अन् तिथं एकच गोष्ट शिकलो, की जे कागदावर नाही ते झालंच नाही. तुमच्या ताईनं, कमलानं, तिची बाजू तुमाले तोंडी सांगितली असेल. माझी लेखी आहे. दोन्ही पाहून काय ते तुमी ठरवा. मले सफाई द्यायची नाही, फक्त रेकॉर्ड बरोबर असावं असं वाटते.

विषय असा. आपल्या उर्वीचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हावं ही आपली रीत, पण पोलंडच्या डॉक्टरनं तिले विमानात बसू दिलं नाही. तेव्हा माहेरानंच तिकडं जावं असं ठरलं, अन् माहेर म्हणजे कमला. डॉक्टरची तारीख पंचवीस नोव्हेंबर. कमलाले महिनाभर आधी पोचायचं होतं, कारण जावईबापू समीर दिवसभर ऑफिसात, घरी पोरगी एकटी, अन् रोज फोनवर 'आई, कधी येतेस' हा एकच प्रश्न. व्हिसा दोघांचाही काढला होता (एजंट म्हणाला, एकाच मेहनतीत दोन होतात), पण जायचं कमलानं एकटीनं, हे मीच सुचवलं. बाळंतिणीच्या घरी पुरुषाचं काय काम? शिवाय दोन तिकिटं म्हणजे खर्च डबल. दसरा झाल्याबरोबर डिंक, अळीव, खारका, सुंठ सगळं बांधून बॅग दाराजवळ उभी झाली. फक्त तिकीट बाकी होतं, अन् ते खातं माझ्याकडे होतं.

तिकीट मी विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढलं. कंपनी तिकडची, भाव झ्लॉटीमध्ये (हे त्यांचं नाणं आहे, उच्चार मी समीरकडून दोनदा तपासून घेतला). आपल्या पैशात बासष्ट हजार झाले. क्रेडिट कार्ड लावलं, ओटीपी आला, तिकीट आलं, कमलानं देवापुढं साखर ठेवली. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नाही. चार दिवसांनी कार्डाचं स्टेटमेंट आलं, अन् तिकिटाच्या खाली आणखी एक ओळ होती, परदेशी चलनाचा मार्कअप, साडेतीन टक्के. त्या ओळीच्या खाली अजून एक ओळ होती, मार्कअपवर जीएसटी, अठरा टक्के. एकूण दोन हजार पाचशे साठ रुपये साठ पैसे. म्हणजे पैसे माझे, कार्ड माझं, बसणारी बाई माझी, अन् मधे बसून झ्लॉटीचे रुपये करायचे अडीच हजार. वर त्या करण्यावर सरकारचा कर.

माझे वडील इथं आले तेव्हा प्लांट उभा होऊन राहिला होता. रशियन इंजिनिअर बाजारात यायचे, हातानं खुणा करून भेंडी घ्यायचे. भेंडीवाली त्यांच्याकडून दोन पैसे जास्त घेत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ती ते तिथंच, त्यांच्या तोंडावर घ्यायची. चार दिवसांनी घरी चिठ्ठी पाठवत नव्हती.

मी बँकेत गेलो. तिथं मोनाली नावाची पोरगी बसते, घरी मराठी असावी, बँकेत हिंदी. ती म्हणाली, 'अंकल, कार्ड लेते समय आपने ही तो टर्म्स एक्सेप्ट किए थे.' मी म्हटलं, बेटा, दाखव. तिनं दाखवलं. सतराव्या पानावर होतं. (अक्षर एवढं बारीक, की प्लांटमध्ये असं टेंडर आलं असतं तर मी न उघडता परत केलं असतं.) मी तिथंच कागद मागून लेखी हरकत दिली. तिनं घेतली, शिक्का मारला, चांगली पोरगी आहे.

आता इथं माझ्या हातून जे झालं त्याले तुमची ताई चूक म्हणते. आमच्या सेक्शनची पद्धत अशी होती, की बिलात फरक दिसला की हरकत लावायची अन् बिल पार्टीले परत करायचं. पार्टी फरक काढून नवीन बिल आणते, मग पास. बत्तीस वर्षांत एक पार्टी अशी नाही जिनं बिल सुधारून आणलं नाही. त्याच पद्धतीनं मी तिकीट परत केलं. म्हणजे रद्द केलं. माझा अंदाज होता की विमानवाले अन् बँकवाले आपसात बसून फरक काढतील अन् मले फोन करतील. फोन आला नाही. विमानवाल्यांनी रद्द करण्याचे चार हजार कापले. उरलेले पैसे त्या दिवशीच्या भावानं आले, तो भाव उतरला होता. मार्कअप परत मिळाला नाही, कारण झ्लॉटीचे रुपये तर करून झाले होते. कमलानं कागदावर बेरीज केली अन् माझ्यासमोर ठेवली. मी तिले समजावलं, की हे नुकसान वेगळ्या हेडमध्ये जाते, एका हेडचा खर्च दुसऱ्यात मोजत नाहीत. तिनं बॅग उघडून खारका बाहेर काढल्या अन् पुन्हा उन्हात घातल्या.

यानंतर मी धोंडबाकडे जामुलले गेलो. धोंडबा तिथल्या सिमेंट कारखान्यातून माझ्याच वर्षी रिटायर झाला, तुमी त्याले उर्वीच्या लग्नात पाहिलं आहे, जिलेबीच्या काउंटरवर उभा होता तो. पोरासंगं थायलंडले जाऊन आल्यापासून परदेशाच्या विषयात तो मत देते (मागावं लागत नाही). तो म्हणाला, भाऊ, साइटवर खाली एक खूण असते, रुपयात पैसे द्या म्हणून, ती दाब, परदेशी चलनच नाही तर मार्कअप कशाचा. मले हे तर्कानं पटलं. बसनं घरी आलो, खूण दाबली, रुपयात पैसे दिले अन् त्या दिवशी मी रात्रीच्या जेवणात स्वतःहून दुसऱ्यांदा भात मागितला.

मग लक्षात आलं, की साइटनं रुपये केले ते तिच्या स्वतःच्या भावानं, अन् तो भाव बँकेच्याही वर. साडेतीनच्या जागी पाच टक्के झाले, फक्त ओळ वेगळी लिहिली नव्हती, भावातच मुरवली होती. वरून बँकेनंही एक टक्का लावला. मोनालीले विचारलं तर म्हणे, 'पैसा रुपए में दिया, पर दुकान तो बाहर की है ना, अंकल.' मी दुसरी हरकत दिली. दुसरं तिकीट परत केलं. कमला म्हणाली, आता त्या विमानवाल्यांले आपलं नाव पाठ झालं असेल.

तोवर दिवाळी येऊन गेली. उर्वीचे पाय सुजून राहिले होते. तिनं मले फोनवर घेतलं अन् म्हणाली, बाबा, तिकिटाचे पैसे मी देते, तुमी फक्त आईले पाठवा. मी तिले शांतपणे सांगितलं, की बेटा, प्रश्न पैशाचा नाही, पद्धतीचा आहे, अन् मार्कअप अन् भावातला फरक तिले उदाहरणासहित समजावला. अर्ध्यात फोन कटला. मी कमलाले म्हटलं, तिकडं नेटवर्क बरोबर नसेल. कमलानं माझ्याकडं पाहिलं. लग्नाले एक्केचाळीस वर्षं झाली, असं पाहणं मी दोनदाच पाहिलं आहे.

तिसरा उपाय मोनालीनंच सांगितला. म्हणे एक कार्ड असं येते ज्यावर मार्कअप शून्य. हे ती पहिल्या दिवशी कावून बोलली नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, आपण विचारलं नाही, आपण कम्प्लेंट केली. (हे मी नोंदवून ठेवलं आहे.) पेन्शनवाल्याले ते कार्ड सरळ मिळत नाही, एफडी ठेवावी लागते. पन्नास हजारांची ठेवली. तीन नोव्हेंबरले कार्ड आलं, त्यावर लिमिट पंचेचाळीस हजार, अन् तिकीट तोवर एकोणऐंशी हजार झालं होतं. म्हणून दुसरी एफडी, पुन्हा फॉर्म, पुन्हा सह्या. शेवटी सात तारखेले दुपारी बँकेतच मोनालीच्या खुर्चीसमोर बसून मी कमलाचं एकोणीस नोव्हेंबरचं तिकीट काढलं. मार्कअपच्या रकान्यात शून्य आलं. डॉक्टरच्या तारखेच्या सहा दिवस आधी. मोनालीनं प्रिंट काढून दिली अन् 'बधाई हो अंकल' म्हणाली. एका साध्या पेन्शनरले, कुठलंही भांडण न करता, फक्त लेखी हरकतीच्या जोरावर एवढं करता येते, हे रेकॉर्डवर यावं म्हणून हे सगळं लिहिलं. फाईल माझ्याकडून बंद आहे.

तुमच्या गुडघ्यांले आराम पडो. पत्राची पोच द्यावी.

तुमचा भाऊजी,
कृष्णराव

ता. क. प्रिंट घेऊन घरी आलो तेव्हा टेबलावर जेवण झाकून ठेवलं होतं अन् दाराजवळची बॅग नव्हती. चिठ्ठीत दोन ओळी होत्या. 'जाऊन राहिली. दूधवाल्याले आजपासून अर्धा लिटर सांगितलं आहे.' आपल्या हुडकोच्या बाजारात भूषणचं दुकान आहे, झेरॉक्स अन् तिकिटांचं, घरापासून चारशे पावलं. तीन दिवस आधी कमला तिथं गेली, रुपयात पैसे दिले, दहा मिनिटांत तिकीट घेऊन आली. दुकान इथलं, पैसे इथले, त्यामुळे मार्कअप नावाचा प्रकारच नाही. हे मले कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कमलानं दोनदा सांगितलं होतं, पण तोंडी. भूषण असंही म्हणाला की पैसे गोंदियावरून भाऊबीज म्हणून आले होते. तेव्हा वरचं सगळं मी ज्याले लिहून राहिलो त्याले ते आधीच माहीत आहे, हे मले माहीत आहे.

ता. क. दुसरा. बारा तारखेले मुलगी झाली, हेही तुमाले कळलं असेल. तेरा दिवस आधी. समीर ऑफिसात होता. पाणी गेलं तेव्हा उर्वीच्या जवळ फक्त कमला होती, पोचून चार दिवस झालेली, भाषा येत नाही, तरी शेजारचं दार ठोठावून तिनं गाडी मागवली अन् पोरीले दवाखान्यात नेलं. समीर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. हे मी फोनवर ऐकलं तेव्हा एकोणीस तारखेचं तिकीट माझ्या हातात होतं, मार्कअप शून्य. शेषराव, मले लाज वाटली. याच्यासाठी दुसरा शब्द मी शोधला नाही. तुमी पैसे पाठवले म्हणून माझी पोरगी अन् नात सुखरूप आहे, अन् हे मी लेखी देऊन राहिलो.

ता. क. तिसरा. पत्र खरं याच्यासाठी. कमला फोन करते, पण मले फक्त तब्येत विचारते अन् ठेवते. नात मी अजून फोटोतच पाहिली. काल मी माझं तिकीट काढलं, चोवीस तारखेचं. जुन्याच कार्डावर, झ्लॉटीत. मार्कअप लागला, त्याच्यावर जीएसटी लागला, मेसेज आला, मी हरकत दिली नाही. महिनाभर तुमी दोघं इथं येऊन राहा, घर उघडं राहील, चावी भूषणकडे ठेवतो. पण त्याच्या आधी ताईले फोन करून सांगा की मी येऊन राहिलो. माझ्याच्यानं ते सांगणं होत नाही. ती 'कशाले' म्हणेल. काही समजावू नका, माझी बाजूही मांडू नका. एवढंच सांगा की यावेळी त्यानं असं तिकीट घेतलं आहे जे रद्द करता येत नाही.