साहेबांसाठी धुकं

सोमवार, ५ तारीख. संध्याकाळ.
मुलगी ऑफिसच्या कामासाठी परगावी गेली. जाताना तिचा सरडा, पिंजरा, दिवा, कुंड्या असा सगळा संसार आमच्या मागच्या खोलीत मांडून गेली. सरडा म्हणजे कुंपणावरचा नव्हे; रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. मला आमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांची आठवण झाली, म्हणून मी त्याला साहेब म्हणतो. साहेब वाटीतलं पाणी पीत नाहीत. पानांवर थेंब असले तरच जिभेनं टिपतात. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ स्प्रेच्या बाटलीनं पानांवर फवारा मारायचा. ही माझी परीक्षा आहे. नीट जमलं तर पुढे ती वर्षभरासाठी बाहेर जाईल तेव्हा साहेब आमच्याकडे. नाहीतर तिच्या मैत्रिणीकडे. बाटली मात्र तिनं आईच्या हातात दिली. घाईत झालं असणार.

मंगळवार, ६.
बाटली म्हणजे मागासलेपणा. माणूस विसरतो, मशीन विसरत नाही. ऑटोमॅटिक तुषार यंत्रणा करायचं ठरवलं. तीन व्हिडिओ पाहिले. दोन समजले. तिसरा भलत्याच भाषेत होता, पण त्यातला माणूस माझ्याच वयाचा दिसला, त्यामुळे धीर आला. उद्यापर्यंत काम उरकेल.
संकल्प: हिला मध्ये बोलू द्यायचं नाही.

गुरुवार, ८.
कालचा दिवस सामान जमवण्यात गेला. गाडीच्या काचेवर पाणी मारतो तो छोटा पंप, गॅरेजवाल्याकडून. बारीक नळी, नोझल, टायमर. हार्डवेअरवाल्यानं विचारलं, किती शेताला पाणी द्यायचंय? म्हटलं, एका सरड्याला. त्यावर तो गिऱ्हाइकांसमोर बराच वेळ हसला. नोझलची भोकं मोठी आहेत असंही काहीतरी म्हणत होता. हसणाऱ्या माणसाचा सल्ला मी घेत नाही.

शुक्रवार, ९. सकाळ.
टाकी (म्हणजे हिचा पिठाचा डबा; पीठ पातेल्यात सुखरूप आहे) कपाटावर ठेवली. उंचावरून पाण्याला जोर येतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही. उपजतच आहे. उद्घाटन केलं. धुकं नव्हे, पिचकारी निघाली. साहेब काळे पडले. ही म्हणाली, घाबरलाय तो. मी समजावलं, प्रभावित झाले की त्यांचा रंग गडद होतो.

दुपार.
जेवून आलो. टायमरनं पंप चोख बंद केला होता. पाणी मात्र चालूच. टाकी वर, नोझल खाली. एकदा नळी भरल्यावर पाण्याला पंपाची गरजच उरली नव्हती. थोडक्यात, माझी यंत्रणा विजेशिवायही चालते. डबा रिकामा, सतरंजी चिंब, साहेब सगळ्यात वरच्या फांदीवर: एक डोळा पाण्याकडे, एक माझ्याकडे. फरशी मी पुसली. ही दारात उभी राहून, राहिलं असेल तिथं फक्त बोट दाखवत होती.

शनिवार, १०.
सुधारणा: टाकी पिंजऱ्याच्या खाली घेतली. नोझलची भोकं मेणानं बुजवून सुईनं बारीक पाडली. टायमर लावला. पंप घुं घुं करतो, फवारा दिसत नाही. हात धरून पाहिला. कोरडा. खट्टू होऊन फिरायला गेलो. परत येऊन बघतो तर पानं टपटपताहेत आणि साहेब जीभ काढून थेंब टिपताहेत!
निष्कर्ष: धुकं इतकं सूक्ष्म आहे की डोळ्यांना दिसत नाही, पानांवर मात्र साठतं. अशी चीज बाजारात नसेल. हिला सांगितलं. टॉवेलला ओले हात पुसत म्हणाली, छान. लग्न झाल्यापासून इतक्या सहज छान म्हटलेलं आठवत नाही.

मंगळवार, १३.
रोज तेच. मी फिरून येतो, पानं ओली. वामकुक्षी करून उठतो, पानं ओली. मुलीला फोनवर सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आईला द्या जरा. मग दोघी बराच वेळ हसत होत्या. असतात त्यांचे विषय. हार्डवेअरवाल्यालाही मुद्दाम वाट वाकडी करून सांगून आलो.

गुरुवार, १५.
हिच्या बहिणीचा पाय मुरगळला, म्हणून ही दोन दिवस तिकडे गेली. जिना उतरून पुन्हा वर आली आणि म्हणाली, बाटली सिंकखाली आहे हं, सकाळ-संध्याकाळ मारा. मी मान हलवली. बिचारीचा अजून यंत्रणेवर विश्वास बसत नाही.

शुक्रवार, १६.
पंप चालू. पानं कोरडी. हवा बदलली असणार. साहेब डोळे मिटून बसलेत. चिंतन.

शनिवार, १७. सकाळ.
पंपाची वेळ वाढवली. पानं कोरडीच. साहेबांचे डोळे खोल गेलेत. किडा समोर धरला तर मान फिरवली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. यंत्रणेची रचना सांगायला लागलो तर त्यांनी मध्येच तोडलं: शेवटचं पाणी कधी प्यायला तेवढं सांगा. म्हटलं, बहुतेक परवा. मग म्हणाल्या, आजोबा, तो तहानेनं मरायला टेकलाय. मशीन राहू द्या. बाटली घ्या आणि पानांवरून थेंब पडत राहतील असं मारत बसा. तरी नाही प्यायला तर लगेच उचलून आणा.

दुपार.
बाटली घेऊन बसलो. फूस, फूस. साहेब ढिम्म. पंपाची घुं घुं ऐकवेना, बंद केला. बोटं आखडली, हात बदलला. अरे बाबा, घे रे, दोन थेंब तरी घे, असं म्हणत होतो. अहो-जाहो कधी सुटलं कळलंच नाही. बऱ्याच वेळानं एक डोळा उघडला. फिरून माझ्यावर थांबला. मग जीभ बाहेर आली. एक थेंब. आणखी एक. मी मारत राहिलो. माझेही डोळे पाणावले. खोलीत दमटपणा फार झाला होता.

रविवार, १८.
ही परत आली. सांगितलं, यंत्रणा तात्पुरती मॅन्युअलवर घेतली आहे. तिनं डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, अहो, नळी पाण्यापर्यंत पोचतच नाहीये. मी म्हटलं, अलीकडेच सरकली असेल. मग ती असताना पानं कशी ओली असायची, हे मात्र विचारलं नाही. उगाच घरात वाद नकोत.

मंगळवार, २०.
मुलगी आली. साहेब हिरवेगार. त्यांचे डोळे, पानं, फांद्या, सगळं तपासून खूश झाली. वर्षभराचं जायचं नक्की झालंय म्हणाली. साहेबांना मैत्रिणीकडे नाही, इथंच ठेवायचं. माझी छाती फुगली. म्हटलं, बाबा आहे तोवर काळजीच करू नकोस. पिंजऱ्याची जाळी पुसत ती म्हणाली, नाही करणार. पण बाबा, वर्षभरात आई कुठं जाणार नाहीये ना?